नळीची आतली बाजू

भाऊजी, तुमच्या सुतकात आम्ही उपाशी राहिलो नाही, हे आधी सांगून टाकते. मी आपली ताक-भातावर दिवस काढायची तयारी केली होती. सुतकात चूल पेटवायची नाही, शेजारपाजारच्यांनी आणून द्यायचं, ही रीत ॲन आर्बरच्या बाहेर मक्याच्या शेतांना लागून असलेल्या तुमच्या रस्त्यावर कोणाला माहीत असणार? पण दुसऱ्याच दिवसापासून तुमच्या बंदूकवाल्या क्लबातले म्हातारे एकेक करून दारात उभे राहायला लागले. प्रत्येकाच्या हातात फॉइल लावलेला ट्रे. रॉयनं त्याचा ट्रे माझ्या हातात देताना आवर्जून सांगितलं की हरीण त्यानं स्वतः मारलंय, तुम्ही बनवून दिलेल्या बंदुकीनं. मी जन्माची शाकाहारी. दारात उभी राहून ‘थँक यू’ म्हटलं आणि हात लांब करून तो ट्रे ह्यांच्याकडे दिला. सुतकात हरीण चालतं का, हे विचारायला जवळपास भटजी नव्हता. ह्यांनी तो ट्रे संपवला. तुमच्या दादांचं दुःख जेवणावर निघतं, तुम्हाला माहीत आहेच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, कोल्हापूरचं शिक्षण, इथे कधी आलात, मोटारींचे डाय, म्हणजे पत्रे घडवायचे साचे, डिझाइन करण्यात किती वर्षं गेली, ते सगळं ह्यांनी लिहून दिलंय. फार कोरडं लिहिलंय. वाचून मला रडू आलं, कारण हे कोरडे झाले की काय समजायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला त्या लायनरचं बोलायचं आहे. आपलं ते भांडण अर्ध्यावर राहिलं, तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात, आणि मी जिंकल्यासारखी उठून स्वयंपाकघरात गेले. मी जिंकले नव्हते. कसं, ते सांगते. लांबण लागेल. मी गोष्ट सांगायला बसले की चहा दोनदा उकळतो, हे तुमचंच म्हणणं.

पण अंक वाचणाऱ्यांना वाटायला नको की आमचे भाऊजी म्हणजे कोणी दरोडेखोर होते. तर मंडळी, भाऊजींच्या बंदुका ठासणीच्या. हे मी एकदा नाही, शंभरदा ऐकलंय, त्यामुळे झोपेत सांगू शकते: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासायची, बाजूच्या छोट्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, घालायचं आणि चाप ओढायचा. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकावर पडते, आणि त्याची ज्योत नळीच्या बाजूला असलेल्या बारीकशा भोकातून आत शिरते. मग खरा बार. त्या भोकाला आपल्याकडे बंदुकीचा कान म्हणतात. हा कान नुसता पाडून चालत नाही, कारण आगीनं तो झिजत जातो. म्हणून तिथे आटे पाडून पोलादाचा एक छोटा स्क्रू घट्ट बसवायचा, मधोमध दाभणाएवढं भोक असलेला. तो लायनर. तो बाहेरून नळीच्या पृष्ठभागाशी असा एकजीव झाला पाहिजे की नख फिरवलं तर नखाला कळता कामा नये. आणि आतूनही तसाच. ‘आतूनही’ हा शब्द तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचा. मी तो प्रत्येक वेळी ऐकायची आणि सोडून द्यायची.

बंदुकांवरून आपलं कधी पटलं नाही. मी शाळेत मदतनीस. वर्षातून काही वेळा आमच्याकडे लॉकडाऊनची ड्रिल होते, बंदूकवाला शाळेत शिरला तर काय करायचं त्याची: दिवे बंद, दाराला कडी, पोरांना घेऊन कोपऱ्यात गप्प बसायचं. एकदा एक किंडरगार्टनची मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. तिनं अगदी हळू विचारलं, हे खोटं-खोटं आहे ना? मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी तुमच्याकडे आले तर तुम्ही जेवणाच्या टेबलावर नळी आडवी ठेवून तिला तेल पाजत होता. माझं डोकंच फिरलं.

“हे टेबल जेवायचं आहे, भाऊजी.”

“पुसून घेतो. अहो वहिनी, ही भरायला मिनिटभर लागतं. ही घेऊन कोण जाणार आहे शाळेत?”

“भरणाऱ्याला मिनिट लागतं. मरणाऱ्याला किती लागतं?”

तुम्ही नळी उचलून गॅरेजमध्ये नेलीत, टेबल साबणानं पुसलंत, आणि विचारलंत, “चहा टाकू?” आपलं भांडण वर्षानुवर्षं असंच चाललं. तुम्ही हटला नाहीत, मीही नाही. आजही हटलेली नाही. तुम्ही गेलात म्हणून मी तुमच्या बाजूची झाले असं समजू नका.

आणि तरी मागच्या खंडेनवमीला तुमच्या गॅरेजमध्ये पूजा मांडायला मीच आले होते. कानशी, आटे पाडायचे टॅप, ड्रिल मशीन, वाइस, सगळं तुम्ही पुसून ओळीनं ठेवलं होतंत. शेजारी माझी विळी आणि शिवणयंत्र. मधोमध नवी नळी, अष्टकोनी, कोरी, अजून रंग न चढलेली. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, म्हणून तुम्ही खुर्चीत हात बांधून बसला होता आणि तुम्हाला ते जमत नव्हतं. मी सगळ्यांना हळदकुंकू लावत आले आणि त्या नळीलाही ओल्या बोटानं चांगला ठसठशीत टिळा लावला. दसरा पार पडल्यावर तुम्ही पुसायला गेलात तर टिळ्याखाली गंज. कोऱ्या पोलादाला ओलं कुंकू लावू नये, हे कुठल्या पोथीत लिहिलंय सांगा. तुम्ही पॉलिश पेपर घेतलात, दोनदा घासलंत, आणि ठेवून दिलात.

“राहू दे,” म्हणालात. “पुढे सगळी नळी मुद्दाम गंजवूनच तपकिरी करायची असते. तुम्ही मुहूर्त केलात.”

ती बंदूक मीरासाठी होती. तुमची लेक. तुमचा आणि तिच्या आईचा संसार मोडला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. मग सांता क्लाराला आईकडे वाढली, उन्हाळ्यात तेवढी तुमच्याकडे यायची. ती इंग्रजीत बोलायची, तुम्ही मराठीत उत्तर द्यायचा, आणि दोघं मिळून क्लबात जाऊन काळे होऊन यायचा. तिच्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेले फ्रॉक दर वर्षी आखूड निघायचे. इंचाच्या हजाराव्या भागात मोजत आयुष्य काढलेला माणूस, पण पोर लांब राहून वाढत होती, त्याला तुम्ही काय करणार? ही बंदूक मात्र मापाची होती. मागच्या उन्हाळ्यात तिला समोर उभी करून कोपरापासून बोटापर्यंत तिचा हात तुम्ही मोजून घेतला होतात. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, त्या हाताचा. तिला दुसरं काही आयतं मापाचं देता आलं नव्हतं तुम्हाला, आणि ते तुम्हाला फार लागून राहिलं होतं.  

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं. पुढचं नको. फक्त बोटांचं लिहिते. केमोनं तुमच्या बोटांची टोकं बधिर केली. शर्टाची बटणं लागेनात, म्हणून तुम्ही टी-शर्ट घालायला लागलात आणि तो आवडतो असं सांगायला लागलात. एकदा मी चहा दिला, कपाला कान नव्हता, तुम्ही तो दोन्ही हातांत धरून बोलत बसलात. चहा उकळता होता. मी कप काढून घेतला तेव्हा तुमचे तळवे लाल झाले होते.

“बोटं मेलीत, वहिनी,” तुम्ही म्हणालात. “मी अजून आहे. तुमची द्या उसनी.”

म्हणून मी. नाहीतर मला कोण बंदुकीला हात लावू देईल, आणि मी तरी कशाला लावेन?

कान तुम्हीच पाडलात. ड्रिल मशीनवर नळी बांधून, श्वास रोखून. आटेही तुम्हीच पाडलेत, टॅप थोडा पुढे, थोडा मागे, मध्ये तेलाचा थेंब. मी नुसती बॅटरी धरून उभी. मग लायनर आतल्या बाजूनं किती लांब ठेवायचा ते ठरवायला तुम्ही नळीच्या भिंतीची जाडी मोजलीत. कॅलिपर डोळ्यांपाशी नेलात, चष्मा कपाळावर सरकवलात, परत खाली आणलात.

“वहिनी, आकडा काय दिसतोय बघा बरं.”

“मला कसलं विचारता? मी रवा वाटीनं मोजते.”

तुम्ही हसलात. पुन्हा एकदा कॅलिपर लावलात. मग लायनरचं आतलं टोक घासून, आटे तेलात बुडवून तो घट्ट पिळून बसवलात. तो आत जाऊन आपल्या खांद्यावर, म्हणजे स्क्रूच्या जाड कडेवर, टेकला, आता हलायचा नाही, असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. मी ऐकत होते. माझं लक्ष मात्र बाहेर उरलेल्या डोक्याकडे होतं, कारण ते काम माझं होतं. डोकं करवतीनं कापायचं, उरलेला उंचवटा कानशीनं घासत नळीच्या सपाटीला आणायचा, आणि नळीला ओरखडा पाडायचा नाही. भोवती टेप लावली होती. तुम्ही खुर्चीत, मांडीवर माझी जुनी शाल.

“ढकला. ओढू नका. परत येताना कानस उचला.”

“पोळी लाटायला शिकवताना मला कोणी एवढं सांगितलं नव्हतं.”

“म्हणूनच त्या तशा होतात.”

“आज जेवायला थांबणार आहात ना?”

“हळू. कोपऱ्यावर जाताय. नखाला काय कळतंय?”

“आहे अजून. कांद्याच्या सालीएवढं.”

“लाल कांदा की पांढरा?”

असं करत दुपार गेली. माझ्या खांद्याचं भजं झालं होतं. शेवटी मी डोळे मिटून नख फिरवलं, एकदा, उलट दिशेनं एकदा. काहीच नव्हतं. नळी आणि लायनर कुठे वेगळे, ते सांगता आलं नसतं. मी तुमच्याकडे असं पाहिलं, जशी काही पहिलीच पोळी टम्म फुगली आहे. तुम्ही वाकून स्वतःचं नख फिरवलंत, सवयीनं, आणि हात मागे घेतलात.

“मला मगापासून काहीच कळत नाहीये,” तुम्ही म्हणालात.

मग गजाला ह्यांच्या जुन्या निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची चिंधी लावून तुम्ही तो तोंडातून तळापर्यंत घातलात आणि वर ओढलात. आतली बाजू कुठे बोचत असेल तर चिंधी तिथे अडकते आणि ते गज धरलेल्या बोटांना कळतं. “नाही अडकत,” म्हणालात. चिंधी काढून न बघता खिशात घातलीत.

त्यानंतर तुम्ही गॅरेजमध्ये फार वेळा आला नाहीत. मीरा रजा घेऊन आली. घरी येऊन शेवटची सेवा करणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी बाहेरच्या खोलीत पलंग लावला. तुम्ही पलंगावरून सांगत होता आणि मीरा न् मी नळीला रंग चढवत होतो, मसाला लावायचा, गंजू द्यायचं, पुसायचं, परत लावायचं. शेवटी नळी दस्त्यात बसली, बंदूक पुरी झाली, तुम्ही ती मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलात. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि दोन दिवसांनी तुम्ही ते काढलंत.

“वहिनी, ब्रीच उघडून बघायला हवं.”

ब्रीच म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं आट्यांचं बूच. तो उघडायचा तर नळी परत दस्त्यातून काढायची, वाइसमध्ये आवळायची, भला मोठा पाना लावायचा. इतक्या मेहनतीनं चढवलेल्या रंगावर वळ उठणार. मी तुमच्या ओठांना ओल्या कापसाचा बोळा लावत होते.

“कशाला आता?”

“आतून बघायला. रॉयला बोलवा.”

“नखाला काही कळत नाही. तुम्हीच पास केलंत.”

“ते बाहेरचं.”

“गजही घातलात की तुम्ही. अडकला नाही म्हणालात.”

“वाटलं नाही अडकला असं. बघून घ्या ना, वहिनी.”

“भाऊजी, माझ्या कामावर विश्वास नव्हता तर कानस माझ्या हातात दिली कशाला?”

तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत. “बरं,” म्हणालात, आणि भिंतीकडे वळलात. पाठीची हाडं टी-शर्टातून दिसत होती. पुढे तुम्ही पाणी मागितलंत, मीराला हाक मारलीत, आईला हाक मारलीत. बंदुकीचं बोलला नाहीत.

क्लबानं ठरवलं, तुमच्यासाठी एका शनिवारी सगळ्यांनी जमायचं, आणि तुमची शेवटची बंदूक मीरानं उडवायची. मी नाही म्हणणार होते. पण तुमच्या मागे घरात पहिल्यांदाच पोरगी कशाला तरी हो म्हणाली होती. शुक्रवारी ती गॅरेजमध्ये नळीतलं तेल पुसून काढायला बसली. मी दाराशी तुमच्या शर्टांच्या घड्या घालत होते, कोणाला द्यायचे ते न ठरवता.

“काकू,” ती म्हणाली. “इट्स कॅचिंग.”

मी म्हटलं, अडकणार नाही, तुझ्या बाबांनी बघितलंय. तिनं गज परत घातला, परत ओढला. माझ्या हातात दिला. मी ओढला. तळाशी, अगदी तळाशी, एक बारीकसा झटका. साडीचा पदर खिळ्याला लागावा तसा. मीराची चिंधी पांढरी होती; काढून उजेडात धरली तर तिला ओरबाडा पडला होता आणि एक निळा धागा चिकटून आला होता.

रॉय अर्ध्या तासात आला. त्यानं स्वतः गज घातला, आणि त्याचा चेहरा बदलला. तो हळूहळू बोलतो, मला समजावं म्हणून आणखी हळू बोलला. पहिल्या बाराला काही होत नाही, म्हणाला. बार झाल्यावर त्या कडेला चिंधीचा धागा अडकून राहतो आणि आत धुमसत राहतो. बाहेरून दिसत नाही. दुसऱ्यांदा दारू ओतताना हात नळीच्या तोंडावर असतो. त्यानं मीराच्या हाताकडे बघितलं. असा एक हात मी बघितलाय, म्हणाला.

“भिंतीवर लाव,” तो तिला म्हणाला. “सुंदर आहे. भिंतीवर छान दिसेल.”

“भिंतीसाठी नाही केली त्यांनी,” मीरा म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली, पण आवाज तुमचा होता, हट्टाचा. “उघडा.”

नळी दस्त्यातून निघाली. रॉयनं वाइसच्या जबड्यांना चामडं लावलं, नळी आवळली, पाना लावला आणि सगळं वजन टाकलं. ब्रीच सुटला तो आवाज मला आवडला नाही. आत बॅटरी मारली. तपकिरी-काळ्या नळीच्या भिंतीवर एक चकचकीत कड, नखाच्या कोरीएवढी, आणि तिला लागलेले निळे धागे. ह्यांच्या पायजम्याचे. म्हणजे त्या दिवशी तुम्ही गज ओढलात तेव्हाही ते अडकले होते.

मी आधी माझी करंगळी घालून बघितली. ती अर्ध्यात अडकली, कारण या देशात येऊन माझ्या करंगळीनंसुद्धा अंग धरलंय. रॉयला हसू आलं, मलाही आलं, आणि लगेच दोघांना लाज वाटली. मीराची करंगळी गेली. तिनं डोळे मिटले. “हो. आहे,” म्हणाली.

“मी जास्त घासलं का?” मी विचारलं. “दाबून दाबून आत गेला असेल.”

रॉयनं मान हलवली. बाहेरून घासून लायनर आत जात नाही. तो खांद्यावर टेकतो. हा आधीच लांब कापलेला आहे.

“तो चुकणारा माणूस नव्हता,” मी म्हटलं.

“नव्हता,” रॉय म्हणाला आणि पान्याला तेल लावायला लागला. पान्याला तेलाची गरज नव्हती.

तेव्हा मला कळलं, भाऊजी. तुम्ही माझ्या कामावर शंका घेत नव्हता. कॅलिपरचा आकडा तुम्हाला नीट दिसला नव्हता आणि गज धरलेल्या बोटांना काही कळलं नव्हतं, आणि हे तुम्हाला पलंगावर पडल्या-पडल्या कळत होतं. तुम्ही तेवढंच म्हणत होता: मी केलेलं कोणीतरी बघा. आयुष्यभर दुसऱ्यांचे डाय माप चुकलं म्हणून परत पाठवलेत, आणि स्वतःचं परत पाठवायची वेळ आली तेव्हा समोर वहिनी, आणि तिला वाटतंय की हे तिच्याबद्दल चाललंय.

सरळ बोलायचं होतंत. मला राग येतो अजून. ‘वहिनी, मला माझाच भरवसा नाही,’ एवढं म्हणायचं होतंत. पण म्हणाला असतात तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे. ‘काहीतरीच काय बोलता भाऊजी,’ म्हटलं असतं, उशी सारखी केली असती, आणि सूप आणायला गेले असते. मरणाऱ्या माणसाला आपण कुठे खरं बोलू देतो? त्याचं समाधान करत सुटतो.

रॉयनं खिशातून एक बारीक गोल कानस काढून दिली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसला. हे तुमच्या घरातलं काम आहे, म्हणाला. मीरा आणि मी आळीपाळीनं घासत होतो. आत जागा नाही. कानस इकडची तिकडे झाली तर चांगल्या नळीला चरा. मी घासायची, मीरा करंगळी घालून सांगायची. मग मीरा घासायची आणि परत स्वतःच बघायची. 

“काकू, डिड ही नो?”

“आतून बघा म्हणाले होते.”

“देन व्हाय डिडन्ट वी?”

मी कानशीतला कीस फुंकून काढला. 

अंधार पडायच्या आत चिंधी सरळ वर आली. कोरी, कुठे ओरबाडा नाही. मीरानं, मी आणि रॉयनं आपापल्या हातानं ओढून बघितली. प्रत्येकानं. नळी परत बसवली. तुमच्या रंगावर चामड्याचे दोन पुसट वळ राहिलेत. ते तसेच राहू दिले.

शनिवारी क्लबाच्या माळावर गार वारा होता. म्हातारे हरणाच्या कातड्याचे कोट घालून आले होते. हे मंकी कॅपमध्ये. मी कानांत बोळे घालून सगळ्यांच्या मागे उभी राहिले. माझं मत बदललेलं नाही हे रॉयला माहीत आहे. त्यानं मला पुढे बोलावलं नाही. मीरानं बंदूक खांद्याला लावली, आणि दस्ता तिच्या हाताला असा बसला की तिनं एकदाही तो सरकवला नाही. गारगोटी पडली, धूर झाला, बार झाला. माळापलीकडच्या झाडांवरचे कावळे उठले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. ह्यांनी चष्मा काढला. कोणीतरी प्रार्थना म्हटली.

मला वाटलं, आता पुरे. मी पुढे जाऊन तिला म्हटलं, “झालं ना बाळा? चल.”

“बाबा म्हणायचे, एका बारावरून काही कळत नाही,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली. तुमचं वाक्य होतं, तिला ते दुसऱ्या भाषेत येत नसावं.

मला नाही म्हणता आलं असतं. म्हणाले नाही. रॉयनं चिंधी लावून नळी पुसून घेतली, तळापर्यंत, आणि चिंधी उलटीसुलटी करून मला दाखवली. काळी होती, अख्खी होती. तरी थांबा म्हणाला, आणि आम्ही थांबलो. सगळे टोप्या घालून आपापसांत बोलायला लागले होते. त्यांच्या दृष्टीनं कार्यक्रम झाला होता. हे कॉफी शोधत होते. मी कानांतले बोळे काढले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

मीरानं दारू ठेवायच्या शिंगातून छोट्या मापात दारू घेतली. डाव्या हातानं नळी धरली, उजवा हात तोंडावर आणला. मी त्या हाताकडे बघत होते. लांब बोटं, नखांत काळं गेलेलं. तिनं माप कलतं केलं आणि दारू आत गेली, वाळूसारखी, बारीक आवाज करत, सगळी.

काही झालं नाही, भाऊजी.

तिनं हात बाजूला घेतला आणि माझ्याकडे न बघता गज मागितला. मी तो तिला दिला.